ही शिवण उसवायची नाही

माझी थोरली बहीण कपडे शिवते. बाजाराच्या रस्त्यावर, चपलांचं दुकान आणि चष्म्यांचं दुकान यांच्या मधे तिचं आठ फूट रुंदीचं दुकान आहे. शाळांचे गणवेश हे तिचं मुख्य काम. बाजारात तिला ‘पाव इंच’ म्हणतात, कारण गळा पाव इंच चुकला तरी ती अख्खा सदरा उसवते. गिऱ्हाईक ‘राहू द्या हो, चालतंय’ म्हणत असलं तरी उसवते. बोलते कमी. एक तर तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, आणि तसंही तिला बोलायची फारशी गरज पडत नाही. ती चष्म्यावरून नुसती बघते आणि समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राहतो.

मी शेती करतो. मका लावतो. घरामागे माझ्या दोन कोठ्या आहेत, पत्र्याच्या, गोल, दुमजली घराएवढ्या उंच. वरच्या झाकणातून मका भरायचा; काढायचा तेव्हा तळाशी लोखंडी स्क्रू फिरतो आणि मका बाहेर ओढून ट्रकमध्ये टाकतो. वीस वर्षं मी या कोठ्यांमधे उतरत आलो होतो. कुठे मका चिकटून बसला की आत जायचं, चार लाथा मारायच्या, वर यायचं. आपणच पेरलेल्या, आपणच वाळवलेल्या दाण्याची भीती वाटावी असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मग आमच्यापासून तीन शेतं सोडून राहणारा एक जण गेला. आम्ही एका बाकावर बसून शिकलो होतो. खाली स्क्रू चालू असताना तो गुठळ्या फोडायला आत उतरला. तळातून मका ओढला जात होता, त्याबरोबर तोही ओढला गेला. कोठ्या बसवणारा फिटर आम्हाला नंतर म्हणाला, “पहिल्या चार-पाच सेकंदांत पाय अडकतात. वीस-पंचविसांत डोकं खाली जातं. हाक मारायलासुद्धा वेळ मिळत नाही.”

त्यानंतर आमच्या उत्पादक संघाने प्रत्येक शेतावर एक सुरक्षा पट्टा दिला. खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती बांधायचे जाड पट्टे, आणि पाठीवर दोरी अडकवायला एक कडी. मी तो एकदा घातला. खांद्यांवर रुतत होता, काखेत घासत होता आणि मांड्यांमधे असा काचत होता की कुणाला सांगायचीही सोय नव्हती. बैलासारखा चालत मी अंगणातून परत आलो आणि तो शेडमधल्या खिळ्याला लटकवून टाकला. पुढे विचारलं कुणी तर म्हणायचो, “आहे ना, घेतलाय आम्ही.”

माझ्या बायकोने महिनाभर वाट पाहिली. मग एके दिवशी तिने खिळ्यावरचा पट्टा काढला, त्यावरचं कोळ्याचं जाळं झटकलं आणि मला म्हणाली, “अहो, हा मी वन्संकडे घेऊन जातेय.”

“ताई काय करणार याचं? तो काय गणवेश आहे?”

“अंगात घालायची वस्तू आहे ना? मग त्यांच्याकडेच जाणार.”

दुकानाच्या सुटीच्या दिवशी ताई स्वतःच आली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, त्यावर पट्टा आडवा पसरला आणि पिशवीतून भिंग काढलं. पट्ट्याबरोबर एक माहितीपत्रक होतं. आमच्याकडे ते कुणी उघडलंही नव्हतं. ताईने ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग ती प्रत्येक जोड भिंगाखाली धरून बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार कमी वेळा पाहिलंय. दुसऱ्याच्या हातच्या कामावर ती खूष झाली होती.

“वहिनी, इकडे या. हे बघा. उभे टाके, आडवे टाके, मग तिरके. एका जोडाला तीन वेळा शिवलंय. एक टाका इकडचा तिकडे नाही.”

मी म्हटलं, “ते सगळं खरं, पण रुततो त्याचं काय? हा खांद्याचा पट्टा जरा उसव आणि आत घे की. आणि हा मांड्यांचा काढूनच टाक.”

तिने चष्म्यावरून पाहिलं. “ही शिवण उसवायची नाही.”

“अगं, तू तर लोकांचे कोट उसवतेस.”

“कोटाला माणूस लटकत नाही. हा दोरा माझ्याकडे नाही, याचं मशीन माझ्याकडे नाही, आणि याला मी एक सुई जरी टोचली तरी याची ताकद किती उरली हे मला सांगता येणार नाही. याला हात लावायचा नाही. घाल बघू आता.”

मी घातला. बायको समोर, ताई मागे. ताईने मला हात पसरायला लावले, वाकायला लावलं, शिडी चढल्यासारखे पाय उचलायला लावले. हसू कुणाला आवरत नव्हतं, म्हणजे त्या दोघींना. मग ताई गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “डाव्या पायाचा पट्टा पिळलाय.”

खरंच पिळलेला होता. तिने तो सरळ केला आणि निम्मं काचणं तिथेच थांबलं. पुढे तिने बकलं दाखवली. प्रत्येक पट्टा सैल-घट्ट करायची सोय होती. माझ्याकडे आला तेव्हा तो एखाद्या सडपातळ माणसाच्या मापाचा लावलेला होता आणि मी तो माझ्या पोटावर तसाच आवळला होता.

“आता कुठे रुततं?”

“खांद्यावर. आणि इथे, काखेत.”

तिने खडूने माझ्या सदऱ्यावरच खुणा केल्या. आठ दिवसांनी एक बिनबाह्यांचं जाकीट आलं, पट्ट्याच्या आतून घालायचं. खांद्यांवर जाड गादी, काखेत मऊ कापड, आतून सगळीकडे उबदार फलाटीनचं अस्तर. मांड्यांसाठी वेगळ्या दोन गाद्या, पट्टा त्यांच्यावर बसेल अशा. खिसा एकही नाही, नाडी नाही, लोंबणारं काही नाही. पाठीच्या कडीला कुठे अडथळा होणार नाही अशी बेताची उंची. ते घालून वर पट्टा चढवला आणि मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. माणसासारखा चालत होतो.

“दोरी कशाला बांधतोस?” ताईने विचारलं.

“शिडीच्या पायरीला.”

“ती पायरी तुझं वजन झेलेल?”

मी शिडीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मला शिवणीचं कळतं, लोखंडाचं नाही. ज्याला कळतं त्याला बोलव.”

म्हणून फिटर आला. त्याने शिडीची पायरी हाताने हलवून दाखवली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. त्याने वरच्या झाकणापाशी, छताच्या मुख्य तुळईला, जाड कडी बसवली. दोरीवर सरकणारा एक लोखंडी चिमटा दिला. वरच्या माणसाने तो सरकवून हवी तेवढीच दोरी सोडायची. झटका बसला की चिमटा आपोआप आवळतो. खाली स्क्रूच्या स्विचला त्याने कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिली.

“पण मुळात आत जायचंच नाही,” तो म्हणाला. “मका अडकला तर वरून, झाकणातून, लांब बांबूने ढोसायचं. आणि वरचा थर कडक दिसला तर त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. खाली पोकळी असते.”

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास ट्रक लागला होता. मोठ्या कोठीतून मका काढायला सुरुवात केली, अर्धा ट्रक भरला आणि धार बारीक होत होत थांबली. स्क्रू रिकामा खडखडू लागला. बायकोने स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. आम्ही दोघं वर गेलो. झाकण उघडलं तर मक्याचा वरचा थर जसाच्या तसा होता, सपाट, शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा. एका बाजूला पत्र्याला लागून काळपट बुरशी दिसत होती. बांबू घातला, पण तो थोडक्यासाठी पोचत नव्हता.

खालून ट्रकवाल्याने हाक दिली, “काय झालं मालक?”

“दोन मिनिटं,” मी म्हणालो.

बायको म्हणाली, “लांब बांबू आणायला पाठवू या कुणाला तरी.”

“अगं, शिडीवर उभा राहून ढोसतो. खाली पाय ठेवत नाही.”

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पट्टा घातला त्यात शहाणपणाचा भाग थोडाच होता. गार वारा सुटला होता आणि ताईचं जाकीट ऊबदार होतं. कामाला निघताना ते रोजच घालायचो, आणि जाकीट घातलं की वरून पट्टा चढवायची सवय हाताला लागून गेली होती. बायकोने पाठीच्या कडीला दोरी अडकवली, चिमटा हातात घेतला आणि मी तोंडाला धुळीचा मुखवटा लावून आतल्या शिडीवरून उतरलो.

शिडीवरून ढोसलं, काही हललं नाही. मग मी एक पाय खाली ठेवून पाहिला. थर घट्ट लागला. दुसरा पाय ठेवला. एक पाऊल पुढे गेलो.

पायाखालचं सगळं एकदम गेलं. आवाज असा काही झालाच नाही. मी खाली गेलो आणि पाठीला असा हिसका बसला की दात आपटले. चिमटा आवळला होता. क्षणभर मी त्या पोकळीत लोंबकळत होतो, पाय अधांतरी. मग बाजूला चिकटून उभा असलेला मका ढासळला. भिंत पडावी तसा तो माझ्यावर आला आणि थांबला तेव्हा माझ्या छातीपर्यंत पोचला होता.

हात वर राहिले होते. वर झाकणाच्या चौकोनात बायकोचं डोकं दिसत होतं.

“श्वास घेता येतोय?” तिने विचारलं.

“येतोय.”

“मग तेवढंच करा.”

पाय हलवून पाहिले. सिमेंटमधे रोवल्यासारखे होते. श्वास सोडला की दाणे आत सरकायचे आणि पुढचा श्वास आधीच्यापेक्षा थोडा आखूड यायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते माझ्या लक्षात आलं आणि मी घाबरलो. वरून दोरी ताठ होती म्हणून मी आणखी खाली जात नव्हतो, एवढंच. मी दोन्ही हात छातीसमोर घेतले आणि कोपरांनी थोडी जागा धरून ठेवली.

वर ट्रकवाला धावत चढून आल्याचं ऐकू आलं. चांगला धिप्पाड गडी होता. “वहिनी, धरा दोरी, दोघं मिळून ओढू.”

“दोरीला हात लावू नका,” ती म्हणाली.

“अहो, मालक गाडले जातील.”

“दोरीने धरलंय त्यांना. ओढलं तर पाय खालीच राहतील आणि कंबर निखळेल. एवढ्या मक्याची पकड तुमच्या-माझ्या जोराने सुटायची नाही. तुम्ही खाली जा, कोठीत खालून हवा सोडणाऱ्या पंख्याचं हिरवं बटण दाबा. तेवढंच दाबा. मग रस्त्यावर उभे राहा आणि बंब आला की आत घ्या.”

तो निमूटपणे उतरला. ती फोनवर बोलत होती. “माणूस मक्यात छातीपर्यंत आहे. दोरीवर आहे, शुद्धीत आहे. यंत्र बंद करून कुलूप लावलंय, किल्ली माझ्याजवळ आहे. या कोठीला वरून एकच झाकण आहे.” चार वाक्यं. मला वाटतं, त्या चार वाक्यांनीच माझी अर्धी भीती गेली. थोड्याच वेळात पंखा सुरू झाला आणि दाण्यांमधून हवा वर येऊ लागली.

“अहो, बोलत राहा,” ती वरून म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही.”

“मका ओला होता.”

“ते दिसतंय मला.”

“मी शिडी सोडायला नको होती.”

“ते नंतर बोलू. सावकाश बोलू.”

बंब यायला पस्तीस मिनिटं लागली. ती एवढा वेळ पोटावर पालथी पडून, डोकं झाकणातून आत घालून होती. चिमट्यावरचा हात तिने एकदाही काढला नाही.

बंबवाले स्वतः पट्टे लावून उतरले. त्यांच्याजवळ माणसाएवढ्या उंच, वाकवलेल्या पत्र्याच्या फळ्या होत्या. एकेक फळी त्यांनी माझ्याभोवती मक्यात दाबून घुसवली आणि एकमेकींत अडकवली, जणू मी एका उभ्या पिंपात होतो. बाहेरचा मका आता माझ्यावर येऊ शकत नव्हता. मग आतला मका आधी वाडग्याने, मग बादलीने, मग नळीने ओढून काढायला सुरुवात झाली. छाती मोकळी झाली तेव्हा मी पोटभर श्वास घेतला आणि मला रडू आलं. कंबर, मांड्या, गुडघे. पडल्यापासून मोजलं तर अडीच तासांनी मी माझ्या पायांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहिलो.

बंबवाल्यांच्या प्रमुखाने खाली आल्यावर माझ्या पाठीचा पट्टा हाताने चाचपून पाहिला. जाकिटाकडेही पाहिलं. “हा असा नीट कुणी बसवून दिला?”

“माझी बहीण. शिंपी आहे.”

“आम्ही पोचतो तेव्हा हा बहुतेक खिळ्यावर असतो,” तो म्हणाला. “त्यांना माझा नमस्कार सांगा.”

दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. पाय सुजले होते, लघवीची तपासणी सारखी चालली होती, पण काही मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. कसा आहेस वगैरे काही नाही. तिने पांघरूण वर केलं आणि माझ्या मांड्यांवरचे जांभळे वळ बघितले. मग मला कुशीवर वळवून खांदे बघितले.

“दोन्हीकडे सारखे आलेत,” ती म्हणाली, आणि पांघरूण सारखं केलं. मग तिचा हात माझ्या केसांवर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. आमच्या आईच्या मागे तिने मला वाढवलंय. त्या पन्नास वर्षांत तिने असं तीन-चार वेळाच केलं असेल.

मी तिला सगळं सांगितलं, पाय कसा ठेवला तेही. श्वास कसा आखूड होत गेला तेही. ती ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, “ताई, तुझ्यामुळे वाचलो.”

“मी एक जाकीट शिवलं. कडी फिटरने बसवली. किल्ली वहिनींच्या कमरेला होती. पट्टा ज्यांनी शिवला त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.” मग तिने बायकोला विचारलं, “तो कुठे आहे?”

बायकोने तो पिशवीत घालून आणला होता, कारण इथल्या लोकांनी तो माझ्या अंगावरून काढून तिच्या हातात दिला होता. ताईने तो खिडकीपाशी नेला. पाठीच्या कडीखाली पट्ट्याची एक घडी लाल दोऱ्याने शिवलेली होती. ती घडी सुटली होती.

“ही मुद्दाम कच्ची ठेवलेली असते,” ती म्हणाली. “मोठा हिसका बसला की हीच सुटते, म्हणजे बघणाऱ्याला कळतं. पत्रकात लिहिलंय.”

“मग एवढीच शिवून दे की. बाकी सगळा नव्यासारखा आहे.”

ताईने आपली मोठी कात्री काढली. कापडाशिवाय दुसऱ्या कशालाही ती कात्री लागू देत नाही. लहानपणी मी एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता तेव्हा दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिने पट्टा मांडीवर घेतला, आणि दोन्ही हातांनी जोर लावून खांद्याचे पट्टे कापले, मग छातीचा, मग मांड्यांचे. जाड होते, वेळ लागला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसून बघत होता.

“याचं काम झालं,” ती म्हणाली. “आता हा चुकूनही कुणाच्या अंगावर जायला नको.”

घरी आल्यावर फिटरला बोलावलं. छताच्या दोन बोल्टांपाशी फट पडली होती, तिथून दव झिरपत होतं आणि तिथलाच मका कुजला होता. त्याने ती बुजवली. आता मी भरण्याआधी ओलावा मोजतो, दर पंधरा दिवसांनी बाहेरून पाहणी करतो, आणि पाच हात जास्त लांब बांबू आणलाय. दोन हंगाम झाले, आत कुणी उतरलेलं नाही. नवा पट्टा आहे. तो नीट आहे की नाही हे बायको बघते, आणि मला विचारत नाही.

आसपासच्या शेतांवर गोष्ट पसरली तशी माणसं ताईच्या दुकानात यायला लागली. परवा मी तिथे गेलो तेव्हा गणवेशासाठी आलेल्या दोन आया बाकावर बसल्या होत्या आणि मधे एक मिशाळ, भरदार शेतकरी हात पसरून उभा होता. लाजून त्याचे कान लाल झाले होते. ताई त्याच्याभोवती फिरत होती.

“श्वास आत घ्या,” ती म्हणाली. त्याने घेतला. तिने छातीला फीत लावून आकडा लिहिला.

“आता सोडा.”

त्याने सोडला. तिने पुन्हा मापलं आणि दुसरा आकडा पहिल्याच्या खाली लिहिला.

“दोन मापं कशाला?” त्याने विचारलं.

“तुमच्या कोठीचा स्विच कोण बंद करतं?” ताई म्हणाली.

“मीच. म्हणजे… तसं ठरलेलं कुणी नाही.”

तिने फीत गळ्यात टाकली, वही मिटली आणि बाकाकडे बोट केलं. “बसा. घरी फोन लावा. आधी ते ठरवा, मग जाकिटाचं बघू.”

तो बसला, दोन आयांच्या मधे, आणि त्याने खिशातून फोन काढला.